मागच्या बैठकीचं माप

पाणी नेमकं किती होतं, हा प्रश्न हेमचंद्र पोतनिसांनी टेप लावून सोडवला होता. पूर ओसरल्यानंतर तिसऱ्या दिवशी सगळी सोसायटी गच्चीवर गाद्या वाळत घालत होती, तेव्हा हे गृहस्थ सी विंगच्या जिन्यापाशी उकिडवे बसून भिंतीवरची चिखलाची रेघ मोजत होते. शहाण्णव सेंटिमीटर. त्यांच्या पत्नीची, म्हणजे वृंदाताईंची, उंची पाच फूट एक इंच. म्हणजे पाणी कमरेला लागलं असतं. फार तर दोन बोटं वर. त्यांच्या दारापासून या जिन्यापर्यंत अंतर एकोणीस मीटर. चालत जाता आलं असतं.

हा निष्कर्ष त्यांनी कोणाला सांगितला नाही, कारण कोणी विचारला नाही. लोकांना दुसरीच गोष्ट ऐकायची असे, आणि ती वृंदाताई सांगत.

ती गोष्ट अशी. उल्हास नदी बदलापूरच्या कुळगावातल्या त्यांच्या सोसायटीत शिरली, त्या दिवशी वृंदाताई तळमजल्यावरच्या घरात एकट्या होत्या. वीज गेलेली. घरात गुडघाभर पाणी, फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आलेला. आणि अशा वेळी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कुठल्याशा फार्महाउसची एक लाल होडी, दोन्ही टोकांना निमुळती, चौदा फुटी फायबरची कॅनू, पत्रिका असलेल्या पाहुण्यासारखी गेटमधून आत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या समीर देवस्थळीने ती धरली, वल्हं नव्हतं म्हणून पत्र्याची मोठी सुपली घेतली, होडी वृंदाताईंच्या दाराला लावली आणि म्हणाला, "बसा काकू."

वृंदाताई बसल्या. एकोणीस मीटरचा प्रवास झाला. गोष्ट संपली.

पण ती संपत नसे. दिवाळीपर्यंत पोतनिसांनी ती सव्वीस वेळा ऐकली होती. नणंदेला, गॅसवाल्याला, भिशीत, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना. दर खेपेला सुपली थोडी लहान होई आणि पाणी थोडं खोल. शेवटी कोणीतरी हमखास विचारी, "आणि काका कुठे होते?"

काका अंबरनाथला एका जुन्या सहकाऱ्याच्या साठीशांतीला जेवत होते. वृंदाताई हे मोकळेपणाने सांगत. "दुसरी जिलबी चालली होती यांची," असा तपशीलही पुरवत. तो खरा होता, ही त्यातली अडचण होती.

पोतनिसांनी अंबरनाथच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. लोकांनी करायचं आणि यांनी मोजायचं. केसभर फरक असला तरी माल परत. त्यांच्यासमोर ट्रे घेऊन येणाऱ्या माणसाचे पाय जड होत, असं म्हणत. अशा माणसाला मत्सर वाटतो, असं कोणी म्हटलं असतं तर ते हसले असते. त्यांच्या मते ते फक्त निरीक्षण करत होते. उदाहरणार्थ, समीर अडतीस वर्षांचा होता, व्यायामशाळेत जाई, आणि जिना चढताना उगीचच दोन-दोन पायऱ्या एकदम चढे. उदाहरणार्थ, वृंदाताई त्याला अळूवडी देत तेव्हा कडेच्या, जास्त खरपूस वड्या देत. घरात खरपूस वड्या पोतनिसांच्या समजल्या जात. निदान आतापर्यंत तशी समजूत होती.

पाणी उतरताना होडी बागेच्या लोखंडी कुंपणावर बसली होती. तळाला पंजा जाईल एवढं भोक पडलं, तिथून हातभर लांब तडा गेला, आणि दोन्ही बैठका उखडून वाहून गेल्या. फार्महाउसवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, तुम्हीच ठेवा, मला आता पाण्याचं काही नको. सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, भंगारात द्या. समीर म्हणाला, "नको हो. पुढच्या वर्षी परत पाणी आलं तर? मी बघतो कोणी करणारा मिळतो का."

"मी करतो," असा आवाज आला. तो आपलाच आहे हे पोतनिसांना सर्वांबरोबरच कळलं.

कारण साधं होतं. आपण घरी नसताना आपल्या बायकोला जी वस्तू घेऊन गेली, ती निदान आपल्या ताब्यात असलेली बरी.

होडी तळमजल्यामागच्या मोकळ्या जागेत आली आणि दोन निळ्या ड्रमांवर पालथी पडली. सामान आणायला पोतनीस उल्हासनगरला गेले. तिथल्या दुकानदाराने फायबरची मॅट, रेझिन आणि हार्डनर काउंटरवर मांडत विचारलं, "क्या बनाना है साईं? टाकी?"

"होडी."

"उल्हासनगरमध्ये?"

"बदलापूरला."

"अच्छा," दुकानदार म्हणाला, जणू त्याने सगळा खुलासा झाला. "वहाँ तो लगेगी." आणि दोन ब्रश फुकट दिले.

काम पोतनिसांनी जसं केलं तसं कोणी केलं नसतं. दुसऱ्या कोणी भोक बुजवलं असतं. यांनी आधी ते मोठं केलं. ग्राइंडरने कडा चहूबाजूंनी उतरत्या घासल्या, म्हणजे नवा थर जुन्याला नुसता चिकटणार नाही, त्याच्या अंगात बसेल. आठ दिवस नुसतं वाळू दिलं. मग मॅटचे तुकडे, सगळ्यात मोठा आधी, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. प्रत्येकावर रेझिन, प्रत्येकातली हवा ब्रशच्या टोकाने ठेचून ठेचून बाहेर. एक बुडबुडा राहिला म्हणून एक अख्खा थर पुन्हा काढला. सगळ्या घराला रेझिनचा वास लागला. वृंदाताई म्हणाल्या, "वरण खाल्लं तरी होडी खाल्ल्यासारखं वाटतंय." पण त्या खुर्ची घेऊन मागे येऊन बसत, हे पोतनिसांनी पाहिलं. आपलं काम बघायला येते, असं त्यांना चार दिवस वाटलं. पाचव्या दिवशी ते हात धुऊन आले, तर वृंदाताई उठून होडीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. गोठ्यातल्या गायीवरून फिरवावा तसा, सावकाश. तसा हात आपल्या पाठीवरून शेवटचा कधी फिरला होता, हे त्यांनी आठवून पाहिलं. तेव्हा त्यांच्या पाठीला बामाची गरज होती.

रविवारी समीर येई. हातात वडापावची पुडी, तोंडात सल्ले.

"काका, मी व्हिडिओ बघितला. बाहेरच्या देशात ना, एका दिवसात करतात हे."

"त्यांना दुसऱ्या दिवशी नवी घ्यायची असते," पोतनीस म्हणाले.

"काय बोललात काका!" समीर मनापासून हसला. हा त्याचा सर्वांत मोठा दोष होता. त्याला टोमणा लागत नसे. "काकू, ऐकलंत का?" मग दोघं वडापाव खात पुराची गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगत, एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने पुरं करायचं. पोतनीस पाणी लावून लावून पॉलिश पेपर घासत. नवा तुकडा कुठे सुरू होतो ते डिसेंबरपर्यंत बोटालाही कळेना. ते कोणी पाहिलं नाही.

म्हणजे एकाने पाहिलं. चामटोलीहून भाजी घेऊन येणारा कोंडाजी. त्याचं निम्मं आयुष्य नदीत जाळं टाकण्यात गेलं होतं. त्याने टोपली खाली ठेवली, होडीच्या पोटावर तीन ठिकाणी थाप मारली, कान लावला.

"भोक कुठं व्हतं, सायेब?"

"ओळख."

कोंडाजीने पुन्हा थाप मारली. "नाय गावत," तो म्हणाला. ही चौतीस वर्षांत पोतनिसांना मिळालेली पहिली पावती होती. आजवर ते फक्त देत आले होते. "आता बसायचं बघा. होरी वल्ह्यानं नाय चालत, बसनाऱ्याच्या वजनानं चालते. मागचा मानूस जड झाला का नाक वर. नाक वर झालं का वारा धरतो. मग तुम्ही किती बी वल्हं मारा, ती गोल फिरते, चक्कीवानी."

कोंडाजी मेथीच्या दोन जुड्या देऊन गेला. पोतनीस घरात गेले आणि वजनकाट्यावर उभे राहिले.

होडी उताणी झाली. दोन बैठका बसवायच्या होत्या, पुढे बसणाऱ्याची आणि मागे वल्हवणाऱ्याची. पुढे कोण, हे सोसायटीने आधीच ठरवलं होतं: जानेवारीतल्या रविवारी कोंडाजीच्या वाडीजवळच्या डोहात होडी उतरवायची, पुढे काकू, मागे समीर. पुराच्या दिवसासारखंच, फक्त या वेळी फोटो काढायचे. वृंदाताईंनी त्यासाठी साडी नको, पंजाबी ड्रेस बरा, इथपर्यंत विचार केला होता.

"समीर, वजन किती रे तुझं?" पोतनिसांनी काळजीच्या सुरात विचारलं.

"एक्क्याऐंशी, काका. सगळं मसल."

वृंदाताई एकोणपन्नास. पुढची बैठक मध्यापासून एकशेचाळीस सेंटिमीटरवर. मग मागे एक्क्याऐंशी किलो बसवायचे, तर बैठक पंच्याऐंशीवर हवी. पोतनिसांनी हे कागदावर मांडलं. मग त्याच कागदावर खाली आणखी एक गणित मांडलं. मागे सत्तावन्न किलोचा माणूस असेल, तर एकशेवीस. सत्तावन्न किलो त्यांचं स्वतःचं वजन होतं.

त्यांनी एकशेवीसवर भोकं पाडली.

यात चूक काहीच नव्हती, हे ते स्वतःला बोल्ट आवळता आवळता पटवत राहिले. माप बिनचूक होतं. वापरणाराच दुसरा निघाला, तर त्याला बनवणारा काय करणार? समीर बसेल, मागचं टोक दबेल, नाक वर होईल, वारा धरेल आणि सोसायटीच्या पन्नास माणसांसमोर हा दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस चक्कीसारखा फिरेल. मग कोणीतरी म्हणेल, अहो, काकांना बसू द्या. या 'कोणीतरी'चा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर साधारण वृंदाताईंसारखा येई.

एक गोष्ट मात्र त्यांच्या आड आली, ती म्हणजे ते स्वतः. काम झालं की कार्ड भरायचं, ही चौतीस वर्षांची सवय. कार्डावर सगळी मापं, आणि खाली दोन सह्या: करणारा, तपासणारा. आणि फॅक्टरीतला पहिला नियम: ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. हा नियम मोडणाऱ्या दोघांना पोतनिसांनी स्वतः मेमो दिला होता. त्यांनी 'करणारा'समोर जन्मात पहिल्यांदा सही केली. आता दुसरी सही हवी.

समीर म्हणाला, "द्या काका, मी ठोकतो."

"सही ठोकायची नसते," पोतनीस म्हणाले, आणि शनिवारी दुपारी कार्ड व टेप वृंदाताईंपुढे ठेवला. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी एकदा तरी हे काम नीट बघावं, एवढाच पोतनिसांचा हेतू होता. खोटं माप लिहायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कट करणाऱ्याने कटाचा नकाशा स्वतःच्या अक्षरात, सेंटिमीटरमध्ये, बायकोच्या हातात दिला होता; आणि ही बायको कुळगावच्या शाळेत तेवीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती.

वृंदाताई हात धुऊन मागे गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या.

"पुढची बैठक एकशेचाळीस. बरोबर."

"हं."

"मागची एकशेवीस. बरोबर."

"हं."

"चालकाचं वजन सत्तावन्न." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "समीर सत्तावन्नचा आहे?"

"एक्क्याऐंशी."

"मग सत्तावन्न कोण?"

"मी."

वृंदाताईंचे ओठ हलले. आठवीचा तरफेचा धडा त्यांनी शेकडो मुलांच्या गळी उतरवला होता. "एक्क्याऐंशीला पंच्याऐंशी लागेल."

"चौऱ्याऐंशी पूर्णांक सात," पोतनीस म्हणाले. दुरुस्त करण्याचा मोह त्यांना अशा वेळीही आवरला नाही.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

पोतनिसांनी मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडायला घेतली.

"उद्या पन्नास माणसांसमोर त्या पोराला गोल फिरवणार होतात. आणि त्याच्या पुढे मी! एकोणपन्नास किलो, लिहिलंय की इथे. मलाही फिरवणार होतात."

हे पोतनिसांच्या लक्षात आलं नव्हतं. गणितात वृंदाताई होत्या. पण तिथे त्या फक्त एक आकडा होत्या.

"कशासाठी, अहो?"

पोतनिसांनी सहा महिने पोटात ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "पाणी फक्त शहाण्णव सेंटिमीटर होतं."

"मला काय दिसत नव्हतं? ओढणी खोचून निघालेच होते मी चालत."

"मग?"

"मग काय? तो म्हणाला, बसा काकू. बसले." वृंदाताई खुर्चीवर टेकल्या. "तुम्ही घरी असतात, तर काय म्हणाला असतात?"

पोतनिसांनी तोंड उघडलं. त्याआधी वृंदाताईंनी त्यांचाच आवाज काढला, नाकातून, जरा आखडलेला: "'कमरेएवढंच आहे. चल.'"

पोतनीस नेमकं हेच म्हणाले असते. टेपसकट.

"त्या समीरचं काय घेऊन बसलात! मला होडीत बसायला आवडलं. एकोणसाठाव्या वर्षी कळलं की आवडतं. म्हणून सांगत सुटते." त्यांनी पेन उचललं. "आणि दुपारी मी झोपल्यावर ड्रमवरच्या होडीत बसून हवेत वल्हं मारता, तेही बघितलंय मी खिडकीतून. तीन दिवस."

पोतनिसांनी मेथीची आणखी एक काडी उचलली. वृंदाताईंनी कार्डावर शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'मापे बरोबर. चालक चुकीचा. एक तर बैठक हलवा, नाही तर चालक बदला.' सही केली नाही. मेथी घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी पोतनिसांनी ड्रिल काढलं, बिट बसवलं, होडीशी जाऊन उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. हे घरात कोणी बोलत नसे. समुद्रावर गेल्यावर ते चपला सांभाळत. अर्धा तास उभं राहून त्यांनी ड्रिल जसं आणलं तसं नेऊन ठेवलं.

रविवारी डोहाच्या काठावर पोहे होते, सेक्रेटरींचं भाषण होतं आणि समीरच्या अंगात केशरी लाइफ जॅकेट होतं. पोतनीस त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ते काढ."

"काय काका?"

"जॅकेट. मी बसतोय."

समीरने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. वृंदाताई झाडावरच्या पक्ष्याकडे बघत होत्या. "अरे वा! एक नंबर, काका!" असं म्हणून त्याने जॅकेट काढलं, पोतनिसांना घातलं, वर पट्टेही आवळून दिले. लहान पोराला शाळेत पाठवताना आवळतात तसे. तेही सहन करावं लागलं.

होडी पाण्यात सरळ बसली. कोंडाजीने लांबून मान डोलावली. पुढचं नाक आणि मागचं टोक एका रेषेत, पाणी दोन्हीकडे सारखं. हे दृश्य पोतनिसांनी एक क्षण पाहिलं आणि वल्हं मारलं. ड्रमवर होडी हलत नसे, हा तिथला आणि इथला मुख्य फरक होता. ती डावीकडे वळली. वळत राहिली. त्यांनी जोर लावला तशी जोरात वळली. काठावरची पन्नास माणसं एकदा समोरून गेली, मग बांबूचं बेट, मग पुन्हा पन्नास माणसं.

"काका, दोन्ही बाजूंनी मारा! एक इकडे, एक तिकडे!" समीर ओरडला.

दुसऱ्या फेरीला पोतनिसांनी त्याचं ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीला ऐकलं. होडी दचकून सरळ झाली.

पुढे वृंदाताईंची पाठ थरथरत होती. हसताहेत की घाबरल्या आहेत, हे मागून कळायला मार्ग नव्हता. पाणी हिरवं, तळ दिसत नाही, आणि या वेळी किती आहे ते मोजलेलं नाही. "वृंदा, घट्ट धर," ते म्हणाले.

"धरलंय. तुम्ही मारा. त्या पलीकडच्या बाभळीपर्यंत नेता?"

त्यांनी नेलं. वेळ लागला, वाट नागमोडी झाली, पण होडी बाभळीला टेकली. वृंदाताईंनी हात खाली सोडून पाण्यात बुडवला, आणि तसाच ठेवून बसल्या. मागे वळल्या नाहीत. पोतनीस त्यांच्या मानेवरच्या सुटलेल्या केसांकडे बघत राहिले आणि पाच मिनिटं त्यांना कुठलंच निरीक्षण सुचलं नाही.

"काका!" पलीकडून हाक आली. समीर गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "या आता परत! माझा नंबर! काकूंना तसंच बसू द्या, मी एक लांब चक्कर मारून आणतो!"

वृंदाताईंनी ओला हात वर करून त्याला हलवला. मोकळेपणाने, सगळी बोटं पसरून.

पोतनिसांनी वल्हं घट्ट धरलं.

"तुला नाही चालणार!" ते ओरडले. त्यांचा आवाज पाण्यावरून खणखणीत गेला. "बैठक माझ्या मापाची आहे! तू बसलास तर गोल फिरेल!"

"मग हलवा ना, काका! किती वेळ लागेल?"

चार भोकं, चार बोल्ट. वीस मिनिटांचं काम. सकाळी निघताना त्यांनी ड्रिल पिशवीत घातलंही होतं; पिशवी कोंडाजीच्या झोपडीत होती. मापाच्या बाबतीत हेमचंद्र पोतनीस आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"महिना!" ते म्हणाले. "कमीत कमी!"

वृंदाताईंनी पाण्यात बुडवलेला हात बाहेर काढला, कुर्त्याला पुसला, आणि मागे न बघता म्हणाल्या, "चला मग. त्या बांबूच्या बेटाला वळसा घालून न्या."